चर्न डॅश: लोणी काढायच्या दांड्यावरून आलेला रजईचा ब्लॉक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चर्न डॅश हा अमेरिकन शेतघरांतला जुना ब्लॉक मी मैत्रिणींना, शेजारणींना आणि परदेशी राहणाऱ्या भाच्यांना शिकवत आले आहे. ब्लॉक म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला चौकोन; असे चौकोन जोडून रजईचा वरचा थर होतो. त्यांच्याकडून परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं इंचांत आहेत, कारण आपले शिंपीही इंचातच बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एवढं आधी लक्षात ठेवा. पुढे सूत सारखं लागणार आहे.

चर्न डॅश म्हणजे नेमकं काय?

चर्न म्हणजे लोणी काढायचं भांडं. अमेरिकेतल्या शेतघरांत ते उंच, लाकडी किंवा चिनीमातीचं असायचं. झाकणाला मधोमध भोक आणि त्यातून आत गेलेला लांब दांडा. दांड्याच्या तळाशी लाकडाची फुली किंवा भोकं पाडलेली चकती ठोकलेली असे. हा दांडा म्हणजे डॅश. आपली रवी दोरीने गरगर फिरते, हा दांडा मात्र दोन्ही हातांनी वर-खाली करायचा. लोणी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जायचा, आणि हे काम बहुतेक वेळा घरातल्या पोरांच्या गळ्यात पडायचं.

त्या दांड्याची तळाची बाजू डोळ्यांसमोर आणा आणि मग ब्लॉक बघा. मधे फिकट चौकोन, त्याच्याभोवती गडद पट्ट्यांची चौकट, आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांतून बाहेर फाकलेले चार गडद त्रिकोण. जणू चार पाती. बाकी सगळं फिकट. एकूण तीन गुणिले तीन असे नऊ खण असतात, म्हणून हा ब्लॉक नवशिक्यांना झेपतो.

याच ब्लॉकला वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी नावं का दिसतात?

कारण नाव ठेवणाऱ्या बायकांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या वस्तू होत्या. कुणाला यात कोठाराच्या दाराला पडलेलं भोक दिसलं, ती म्हणाली ‘होल इन द बार्न डोअर’. कुणाला पाना दिसला, तिच्याकडे तो ‘मंकी रेंच’ झाला. ‘लव्ह नॉट’ म्हणणाऱ्याही आहेत. अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनापतीवरून ‘शर्मन्स मार्च’ असंही एक नाव आहे. नक्षी तोंडी आणि हाताने पसरत गेली, छापील नावं त्यामानाने उशिरा आली. सेंट लुईसच्या ‘लेडीज आर्ट कंपनी’ने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने नमुने विकायला सुरुवात केली, आणि ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात शेकडो नमुने छापले. तेव्हा कुठे काही नावं पक्की झाली.

मला स्वतःला चर्न डॅश हेच नाव आवडतं. ताक घुसळलेल्या घरात वाढलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही.

गुलामगिरीतून पळणाऱ्यांसाठी यात गुप्त खूण असायची, हे खरं का?

‘मंकी रेंच’ची रजई कुंपणावर वाळत घातली म्हणजे ‘निघायची तयारी करा’ असा निरोप, अशी गोष्ट सांगितली जाते. १९९९ मध्ये आलेल्या एका पुस्तकामुळे ती जगभर गेली. रजयांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र ती मान्य केलेली नाही. पळून सुटका करून घेतलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत अशा सांकेतिक रजयांचा पुरावा सापडत नाही. मी शिकवताना ही गोष्ट सांगत नाही. त्या माणसांनी सोसलेलं इतकं मोठं आहे की त्याला कल्पित जोड द्यायची गरज नाही.

म्हणजे ही आपली गोधडीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर मला नीट द्यावंसं वाटतं. नातं आहे, पण ही गोधडी नव्हे.

माझी आजी गोधडी घालायला बसायची तेव्हा तिच्याजवळ टेप नसायचा. जुनेर लुगडं अंथरायचं, त्यावर दुसरं, मधे विरलेली धोतरं, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. कापड जिथे विरलं असेल तिथे ठिगळ. ठिगळाचा आकार ठरवायचा कापडाने. कुठे काठ वाचला तर तो वर दिसेल असा लावायचा. म्हणजे थर, नक्षी आणि टाका हे सगळं एकाच वेळी घडत जायचं.

ब्लॉकच्या रजईत क्रम उलटा असतो. आधी माप, मग काप, मग तुकड्याला तुकडा जोडून सपाट चौकोन तयार करायचा. असे वीस-तीस चौकोन झाले की त्यांचा वरचा थर होतो. मग त्याखाली कापूस, त्याखाली अस्तर, आणि शेवटी तिन्ही थरांतून धावदोरा. गोधडीत आपण कापडाचं ऐकतो, ब्लॉकमध्ये कापडाला आपलं ऐकायला लावतो. ज्यांचा हात गोधडीवर बसलाय त्यांना पहिले दोन-तीन ब्लॉक जड जातात ते यामुळेच. टाका त्यांचा सुंदरच असतो. मोजायची सवय तेवढी नवीन असते.

अमेरिकेतही गोधडीच्या जवळ जाणारी परंपरा आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी शेतातले विरलेले कपडे, गुडघ्यावर फिकट पडलेल्या डेनिमच्या पँटी असं जे हाती येईल ते जोडून रजया केल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि लोक थक्क झाले. त्यातल्या काही रजयांची छायाचित्रं पाहताना मला आमच्या माळ्यावरची वाकळ आठवते.

कापड कोणतं घेऊ?

सुती. पहिल्या ब्लॉकला तरी शुद्ध सुती, फार जाड नाही आणि फार झिरझिरीत नाही असं. शर्टाचं पॉपलीन, केंब्रिक, जुनी इरकल, मऊ झालेली चादर, सगळं चालतं. सिंथेटिक साडी इस्त्रीखाली आकसते आणि घडी धरत नाही. रेशीम सुंदर दिसतं, पण ते निसरडं असतं, पहिल्या खेपेला नको.

अमेरिकन शेतघरांत या ब्लॉकला लागणारं कापड बऱ्याचदा पोत्यांचं असायचं. पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य कापडी पोत्यांतून यायचं. घरोघरी ती पोती उसवून कपडे शिवतात हे लक्षात आल्यावर १९२० च्या दशकापासून कंपन्यांनी पोत्यांवर फुलापानांची नक्षी छापायला घेतली. ड्रेस पुरा व्हावा म्हणून एकाच नक्षीची आणखी पोती मिळवायची आणि उरलेल्या चिंध्या रजईत लावायच्या. पुढे कागद आणि प्लॅस्टिक आलं तशी ही पोती संपली. त्या काळच्या रजया आज पाहिल्या की बारीक फुलांची ती छपाई लगेच ओळखू येते.

नवं कापड असेल तर आधी धुवा. रंग जातो का, हे पाहायला ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून इस्त्री फिरवा. मी एकदा हे केलं नाही. आळत्यासारख्या लाल लुगड्याच्या पट्ट्या आणि मधे पांढराशुभ्र चौकोन, असा ब्लॉक होता. पहिल्याच धुण्यात तो मधला चौकोन गुलाबी झाला, तोही डागाडागांनी. तीन वेळा धुतला तरी गेला नाही. आता मी लाल आणि निळीचं कापड मिठाच्या पाण्यावर विसंबून न राहता, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळखळून धुते.

जुनं कापड फार मऊ झालं असेल तर कापण्याआधी हलकी खळ द्या आणि इस्त्री करा. काप सरळ येतो.

बारा इंची ब्लॉकसाठी मापं सांगा.

तयार ब्लॉक बारा इंच, म्हणजे प्रत्येक खण चार इंचांचा. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच, म्हणजे दोन सूत माया (शिलाईच्या आत जाणारं जास्तीचं कापड) धरायची. तेव्हा ब्लॉक पुरा झाला पण रजईत जोडायचा आहे, अशा वेळी तो साडेबारा इंच भरला पाहिजे.

गडद कापडातून: ५ इंचांचे दोन चौकोन आणि अडीच इंच रुंद, २० इंच लांब अशी एक पट्टी.

फिकट कापडातून: ५ इंचांचे दोन चौकोन, अडीच इंच रुंद आणि २० इंच लांब एक पट्टी, शिवाय मधल्या खणासाठी साडेचार इंचांचा एक चौकोन.

प्रत्येक रंगाचा २० इंच लांब, ८ इंच रुंद असा एकेक तुकडा मिळाला की पुरे. एका जुन्या सुती साडीत गडद बाजू पुऱ्या रजईची निघते.

कापताना उभा-आडवा धागा बघा. तुकडा धाग्याला धरून सरळ असला की शिवताना शांत राहतो.

त्रिकोण कापून जोडले की वेडेवाकडे होतात. काय करू?

त्रिकोण कापूच नका. त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी असते आणि उरेब कापड हाताच्या ओढीनेही ताणतं. म्हणून आधी शिवायचं आणि मग कापायचं.

एक गडद आणि एक फिकट पाच इंची चौकोन सुलटीवर सुलट ठेवा. फिकटाच्या उलट बाजूवर पेन्सिलीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. त्या रेघेवर शिवायचं नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत सोडून दोन शिलाया मारा. मग रेघेवरून कापा. दोन तुकडे हातात येतील, उघडले की प्रत्येक चौकोनात अर्धं गडद आणि अर्धं फिकट. चौकोनांच्या दोन जोड्यांतून असे चार मिळतात.

माया गडद बाजूला वळवून इस्त्री करा. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, घासत न्यायची नाही. आता हे चौकोन साडेचार इंचांहून थोडे मोठे आहेत. तिरप्या शिलाईवर मोजपट्टीवरची तिरपी रेघ बसवून चारी बाजू साडेचारला कापून घ्या. हा थोडासा जास्तीचा भाग मी मुद्दाम ठेवते. नेमकं माप घ्यायचं तर चौकोन पाच इंचांना एक सूत कमी असे कापावे लागतात, पण मग चूक झाली तर सावरायला जागा उरत नाही.

बाजूच्या पट्ट्या?

गडद आणि फिकट लांब पट्ट्या सुलटीवर सुलट ठेवून एका लांब कडेने जोडा, माया गडद बाजूला. रुंदी साडेचार इंच भरली पाहिजे. मग साडेचार-साडेचार इंचांचे चार तुकडे कापा. झालं.

जोडताना गडद पट्टी आत की बाहेर?

आत, मधल्या चौकोनाला लागून. त्रिकोणांचंही तसंच: गडद त्रिकोणाचा काटकोन मधल्या चौकोनाच्या कोपऱ्याला टेकला पाहिजे आणि ब्लॉकचे चार बाहेरचे कोपरे फिकट दिसले पाहिजेत. शिवण्याआधी नऊही खण टेबलावर मांडून उभं राहून बघा. दहातल्या चार वेळा एखादा त्रिकोण उलटा ठेवलेला असतो.

मग तीन आडव्या ओळी शिवा आणि नंतर त्या एकमेकींना जोडा. प्रत्येक ओळीत माया पट्टीच्या खणाकडे वळवा. असं केलं की वरच्या ओळीची माया एका दिशेला आणि मधल्या ओळीची विरुद्ध दिशेला जाते, आणि जोडताना दोन्ही शिलाया एकमेकींत अलगद बसतात. बोटांनी चाचपलं तर जागेवर बसल्याचं कळतं. तिथे टाचणी लावा.

सगळं बरोबर केलं, तरी ब्लॉक साडेबाराऐवजी सव्वाबारा येतो.

माया जास्त धरली जाते आहे. अगदी अर्धं सूत. इतकं डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक शिलाई दोन्ही कापडांतून घेते, म्हणजे एका शिलाईमागे एक सूत गेलं. एका ओळीत दोन शिलाया, म्हणजे दोन सूत, पाव इंच गायब. उभ्या दिशेने मधल्या रांगेत पट्ट्यांच्या आतल्या शिलायाही धरून चार शिलाया येतात, तिथे अर्धा इंच जातो. म्हणून ब्लॉक मधे आखडतो आणि कोपरे बाहेर पडल्यासारखे दिसतात.

उपाय सोपा आहे. दीड इंच रुंद तीन पट्ट्या घ्या आणि एकमेकींना जोडा. इस्त्री केल्यावर मधली पट्टी नेमकी एक इंच भरली पाहिजे आणि एकूण रुंदी साडेतीन. मधली कमी भरली तर माया जास्त आहे. आपल्या साध्या मशीनवर सुईच्या टोकापासून उजवीकडे दोन सूत मोजून प्लेटवर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. कापडाची कड त्याला टेकवत चालवा. मी स्वतः माप दोन सुतांहून किंचित आत ठेवते, कारण इस्त्रीच्या वळणातही धाग्याच्या जाडीएवढं कापड जातं.

ही पट्ट्यांची परीक्षा न देता कुणालाही मी ब्लॉक सुरू करू देत नाही. कंटाळतात, पण नंतर उसवण्यात अख्खी दुपार जात नाही.

मशीन नाही. हाताने होईल?

छान होईल. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूवर पेन्सिलीने शिलाईची रेघ आखा आणि रेघेवरून धावदोरा घाला, इंचाला आठ-दहा टाके. सुरुवातीला आणि शेवटी एकेक उलटा टाका. हाताने त्रिकोण तर मशीनपेक्षा नेमके येतात, कारण आपण रेघेवरून चालतो, कडेवरून नाही. दोन संध्याकाळी एक ब्लॉक, या हिशोबाने चला.

रंग कसे निवडू?

गडद आणि फिकट यांत ठळक फरक हवा. रंग वेगळे असून भागत नाही. फोनवर कापडांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करा. दोन्ही कापडं सारखीच राखाडी दिसली तर पाती आणि चौकट हरवून जाणार. हिरवी इरकल आणि तांबडं पॉपलीन दोन्ही सुरेख असतात, पण शेजारी ठेवले की त्यांचा डॅश दिसत नाही.

प्रत्येक ब्लॉकची गडद बाजू वेगळ्या कपड्याची आणि फिकट सगळीकडे एकच, ही मांडणी मला सगळ्यात भावते. वडिलांचा शर्ट, मुलाच्या शाळेच्या गणवेशाची चौकडी, आजीचं लुगडं, सगळे एका ओळीत बसतात.

एका रजईला किती ब्लॉक?

पाच आडवे, सहा उभे, असे तीस. पाच बाय सहा फुटांची रजई होते, एका माणसाला पुरते. बाळाच्या दुपट्याला नऊ ब्लॉक भरपूर. ब्लॉकच्या मधून दोन-अडीच इंचांच्या पट्ट्या घातल्या तर कमी ब्लॉक लागतात, आणि शेजारशेजारच्या कोपऱ्यांची टोकं जुळवायचा त्रासही वाचतो.

आतल्या थराला पातळ कापसाची चादर घ्या किंवा आपल्या पद्धतीने जुनं सुती लुगडं. मी लुगडंच घालते. आपल्याकडच्या थंडीला तेवढं पुरतं आणि सुई सहज उतरते. तिन्ही थर अंथरून कच्चा दोरा घाला, मग मधून कडेकडे धावदोरा.

शेतावरून आलेले आणखी ब्लॉक आहेत का?

पुष्कळ. हेन अँड चिक्स म्हणजे कोंबडी आणि पिल्लं, कॉर्न अँड बीन्स म्हणजे मका-घेवडा, गूज ट्रॅक्स म्हणजे पाळीव हंसाची पावलं. लॉग कॅबिन नावाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लॉकच्या मांडण्यांची नावं तर फारच बोलकी आहेत. गडद-फिकट तिरक्या रांगा लावल्या की ‘स्ट्रेट फरो’, म्हणजे नांगराचं सरळ तास. मधून बाहेर जाणारे एकात एक शंकरपाळे मांडले की ‘बार्न रेझिंग’. सगळ्या शेजाऱ्यांनी एका दिवसात जमून एकाचं कोठार उभं करून द्यायचं, त्याला बार्न रेझिंग म्हणतात. आपल्या सावड किंवा इर्जिकीचीच ही रीत, आणि कोठार वर चढत असताना खाली बायकांचा स्वयंपाक चाललेला असे.

कोठारांच्या भिंतीवर हे ब्लॉक रंगवलेले दिसतात, ते काय आहे?

ते बार्न क्विल्ट. ओहायो राज्यातल्या ॲडम्स काउंटीत डॉना सू ग्रोव्ह्ज या बाईंना रजया शिवणाऱ्या आपल्या आईचा मान म्हणून घरच्या तंबाखूच्या कोठारावर एक ब्लॉक रंगवायचा होता. त्यातून पुढे सगळ्या परिसराचा उपक्रम झाला आणि २००१ मध्ये पहिला रंगीत ब्लॉक, ‘ओहायो स्टार’, एका शेतावरच्या कोठारावर चढला. आता अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत आणि कॅनडात रस्त्याने जाताना असे आठ-आठ फुटी चौकोन दिसतात. चर्न डॅश त्यांत हमखास असतो, कारण सरळ रेघांचा आहे आणि लांबून ओळखू येतो. तिकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने एकदा गाडी थांबवून मला फोन लावला होता, “मावशी, तुझा ब्लॉक बघ केवढा मोठा!”

धुवायची कशी?

गार पाण्यात, साध्या साबणाने, न पिळता. ओली रजई जड होते आणि दोरीवर एका घडीने टांगली तर शिलाया ताणतात, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून किंवा गच्चीत चटईवर अंथरून वाळवा. उलटी बाजू वर ठेवा, म्हणजे उन्हाने रंग उडत नाही. ठेवताना दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेघेवर कापड चिरतं.